शंभरापैकी त्रेसष्ट

गेले पाच महिने आमच्या घरात एक पुस्तक होतं आणि ते उघडायला दोन माणसं लागायची. एकाने पांढरे हातमोजे घालून पानं उलटायची. दुसऱ्याने पंखा बंद करायचा, खिडकी लावायची आणि चहा घेऊन येणाऱ्याला उंबऱ्यावरच थोपवायचं. पानं उलटणारा मी. बाकी सगळं करणारी आमची ही. चहा आणणारीही हीच असल्यामुळे ती बरेचदा स्वतःच स्वतःला उंबऱ्यावर थोपवून धरायची आणि तेवढ्या वेळात चहा गार व्हायचा.

माझ्या साठीला लेकीने ते लंडनहून पाठवलं. ती तिथे शिकते. काय शिकते ते तिने मला तीनदा समजावून सांगितलंय. मी लोकांना ‘डिझाइन’ एवढंच सांगतो, लोकही ‘वा’ म्हणून विषय बदलतात. तिच्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलीने हे पुस्तक स्वतःच्या हातांनी केलं होतं. फोटो तिचे, छपाई तिची, कागद फाडणं तिचं (हो, कापणं नव्हे, फाडणं, त्यावर पुढे येतोच), आणि मेण लावलेल्या लाल दोऱ्याने शिवणंही तिचंच. आत माणसांचे फोटो. विलायतेत पूर्वी पोरांनी वेळोवेळी जी सोंगं काढली, म्हणजे टेडी, मॉड, स्किनहेड, पंक वगैरे, ती आजच्या काळातही निष्ठेने वठवणारी वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली. एका पानावर एक चेहरा. खाली नाव नाही, गाव नाही. प्रती फक्त शंभर.

“आणि संपल्या की?” मी फोनवर विचारलं.

“संपल्या की संपल्या.”

“खपतायत तर आणखी छापाव्यात की. आमच्या बँकेचं कॅलेंडर एकदा कमी पडलं होतं, तेव्हा…”

“बाबा.”

लेक ‘बाबा’ एवढंच म्हणते तेव्हा मी गप्प बसतो. किंमत मात्र विचारलीच. मैत्रीण असूनही एकशेऐंशी पौंड. मी पौंडाला शंभराने गुणतो. खरा दर त्याहून वर आहे हे मला माहीत आहे, पण मला रक्तदाब आहे.

राखाडी खोका, खोक्यात मलमलीची पिशवी, पिशवीत फुंकरीने उडेल असा कागद, आणि त्या कागदात पुस्तक. सोबत हातमोज्यांचा जोड आणि एक चिठी. पुस्तक आडवं ठेवावं. वर काही ठेवू नये. उन्हात ठेवू नये. तापमान अठरा ते वीस अंश असावं, हवेतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के. चिठी वाचली तेव्हा जून संपत आला होता. जूनच्या डोंबिवलीत चाळीस टक्के आर्द्रता फक्त सीलबंद पापडाच्या पुड्यात मिळते, आणि तीही पुडा फोडेपर्यंत.

आधी लोखंडी कपाट झालं. तिथे डांबराच्या गोळ्या होत्या. मग तांदळाचा डबा, कारण तांदूळ ओल ओढतो. पण पुस्तक डब्याच्या तोंडातून आत जाईना. मेहुण्याने फ्रिज सुचवला. त्याचं म्हणणं, तापमानाचा प्रश्न तरी सुटेल. शेवटी हिने पैठणीच्या खणात जागा करून दिली. पैठणीही मलमलीत गुंडाळलेली, पुस्तकही मलमलीत गुंडाळलेलं. वीस वर्षांत दोनदा नेसलेली पैठणी आणि एकदा उघडलेलं पुस्तक असे दोघे शेजारी शेजारी सुखाने पडून राहिले.

हातमोज्यांचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. मोठ्या ग्रंथालयांतले जाणकार सांगतात की पुस्तकाला हातमोजे नकोत. हात स्वच्छ धुवावेत, कोरडे करावेत आणि मग पान उलटावं, कारण मोज्यातून कागद कळत नाही आणि फाटतो. पण फोटोला मात्र मोजे हवेत, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात. आता हे तर फोटोंचं पुस्तक. मी बराच विचार करून डाव्या हातात मोजा घातला आणि उजवा हात धुतला. तेवढ्यात शेजारचे काका आले आणि म्हणाले, “काय, ऑपरेशन की काय?”

काकांना पुस्तक दाखवणं भागच होतं. एवढी दुर्मीळ वस्तू घरात असून शेजाऱ्याला माहीत नसेल, तर ती दुर्मीळ असून काय उपयोग? मी अलगद शेवटचं पान उघडलं. तिथे त्या मुलीने शिसपेन्सिलीने, नाजूक अक्षरात प्रतीचा क्रमांक घातला होता: ६३/१००.

काकांनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं.

“त्रेसष्ट? मेहनत दिसते पोरीची. डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं.”

मी समजावलं की हे मार्क नव्हेत, शंभरातली ही त्रेसष्टावी प्रत.

“म्हणजे बासष्ट लोकांनी आधी चांगल्या उचलल्या.”

त्यानंतर मी काकांना पुस्तक दाखवलं नाही. पण त्रेसष्ट हा आकडा मला खुपू लागला तो तेव्हापासून. एकदा रात्री लेकीला संदेशही पाठवला, की पहिल्या दहातली एखादी प्रत उरली असेल तर ती बदलून द्यावी, टपालाचे पैसे मी देईन. उत्तर आलं नाही.

दुर्मीळ वस्तूच्या मालकाला त्या वस्तूबद्दल चार गोष्टी बोलता आल्या पाहिजेत, म्हणून मी अभ्यासाला बसलो. बँकेत पदोन्नतीच्या परीक्षेला एवढा बसलो असतो तर मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो. महिनाभरात सकाळच्या फिरण्याच्या मंडळात मी विलायती पोरांचा तज्ज्ञ झालो. मंडळात चौघे जण. एकाची टाच दुखते, एकाला कमी ऐकू येतं, एक जण सगळ्याला विरोध करतो. चौथा मी.

मी टेडींपासून सुरुवात केली. महायुद्ध संपल्यावर लंडनच्या बड्या शिंप्यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी सातव्या एडवर्डच्या काळातली फॅशन पुन्हा काढली: गुडघ्यापर्यंत कोट, मखमली कॉलर, अरुंद पँट. श्रीमंतांच्या अंगावर ती टिकली नाही. ती उचलली गरीब वस्त्यांतल्या पोरांनी. वर केसांचा तेलकट कोंबडा आणि पायात जाड रबरी तळव्याचे बूट. १९५३ साली ‘डेली एक्सप्रेस’ने ‘एडवर्डियन’चं ‘टेडी’ करून टाकलं आणि तेच नाव चिकटलं.

“म्हणजे आजोबांचा कोट नातवाने घातला,” विरोधक म्हणाले.

“हो, एका अर्थी.”

“आणि याला बंड म्हणतात? माझ्या मुलाला मी माझा कोट तीन वर्षं देतोय. घेत नाही. बंड ते.”

मी मॉडांकडे वळलो. हे टेडींच्या नंतरचे. नीटनेटके सूट, वर लष्करी छापाचा ढगळ कोट, आणि वाहन म्हणजे इटालियन स्कूटर: वेस्पा किंवा लॅम्ब्रेटा. स्कूटरला पुढून दिवे आणि आरसे, इतके आरसे की मोजताना चुकावं. १९६४ च्या मे महिन्यात ब्रायटनच्या किनाऱ्यावर या मॉडांची आणि मोटारसायकलवाल्या रॉकरांची हाणामारी झाली, आरामखुर्च्यांच्या फेकाफेकीपर्यंत गेली. कमी ऐकू येणाऱ्यांनी ‘चौपाटीवर?’ एवढंच विचारलं आणि भेळवाल्यांबद्दल हळहळ व्यक्त केली.

इथे मला माझे वडील आठवले. पियाजिओच्या परवान्यावर बजाजने साठच्या दशकात आपल्याकडे वेस्पा बनवल्या. त्यातली एक वडिलांनी बरीच वर्षं नंबर लावून मिळवली होती. तिला आरसा एकच. तो मागची वाहनं बघायला नव्हता. कचेरीत शिरण्यापूर्वी भांग पाडायला होता. चालू होईना म्हणून ते तिला रोज सकाळी फुटपाथच्या बाजूला कलती करायचे आणि पुटपुटायचे. काय पुटपुटायचे ते आई आम्हाला ऐकू देत नसे. मागाहून कळलं की आपल्याकडच्या असल्या जुन्या वेस्पा-लॅम्ब्रेटा रंगरंगोटी करून विलायतेतले शौकीन मागवतात. वडिलांची मी दीड हजाराला भंगारात दिली होती, तीसुद्धा वजनावर. माझ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या पानावर एक पोरगा तसल्याच स्कूटरवर रेलून उभा आहे, तोंडावर जगाबद्दलची तुच्छता. मी त्या फोटोतला नंबरप्लेटचा कोपरा भिंगातून तपासला आहे. आमची नाही.

मंडळाचं खरं लक्ष मी वेधून घेतलं ते स्किनहेडांच्या बुटांनी. त्या बुटांचा तळवा मुळात क्लाउस मेर्टेन्स नावाच्या जर्मन डॉक्टरने स्वतःसाठी केला. १९४५ साली बर्फावर घसरण्याच्या खेळात त्याचा घोटा दुखावला होता, म्हणून हवेची गादी असलेला मऊ तळवा. पुढे तो तळवा इंग्रजांच्या कारखान्यात गेला आणि १ एप्रिल १९६० ला पहिला जोड बाहेर पडला. त्या तारखेवरूनच त्याला १४६० म्हणतात. पोस्टमन, कामगार घालायचे, तो मग टक्कल केलेल्या दांडग्या पोरांनी घातला आणि त्याला दहशतीचा वास आला.

टाचवाले थांबले. पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघितलं.

“आठ नंबरमध्ये मिळतात का हो? आणि घातल्यावर डोक्याचं काही करावं लागतं का?”

गणपतीला माझी आत्या आली ती दिवाळीपर्यंत राहायला. वय ब्याऐंशी. दृष्टी शाबूत, मत शाबूत. तिने खणातून पैठणी काढायला सांगितली तेव्हा पुस्तकही बाहेर आलं. मी हातमोजे शोधत होतो तोवर तिने पुस्तक मांडीवर घेतलं, बोटाला जीभ लावली आणि पान उलटलं. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. हिने नंतर सांगितलं की निघाला होता, पण तो माणसाचा नव्हता.

आत्या थेट स्किनहेडांवर पोचली. एकापाठोपाठ सहा पानं, सहा गुळगुळीत डोकी.

“अरेरे. कोण गेलं रे यांचं?”

“कुणी नाही आत्या, ही त्यांची फॅशन आहे.”

“सगळे एकाच घरातले दिसतात. म्हातारा गेला असणार. बघ, धाकट्याचे डोळे बघ.” पुढच्या पानावर मुलगी होती, तिचंही डोकं भादरलेलं, फक्त कपाळावर चार बटा. आत्याने पदर डोळ्यांना लावला. “आणि ही तर कोवळी पोर. आपल्याकडे सुद्धा बंद झालं रे हे. एवढे सुधारलेले लोक, आणि अजून…”

मी तिला स्किनहेडांचा इतिहास सांगू लागलो. तिने हाताने थांबवलं. दुःखाच्या घरात बडबड करू नये असं तिचं मत आहे.

पंक मात्र तिला आवडले. एका मुलीच्या जाकिटावर, कानात, गालाच्या बाजूला, जिथे जागा सापडली तिथे सेफ्टी पिना टोचलेल्या. आत्याने स्वतःच्या बांगड्या पुढे केल्या. बांगडीत चार पिना होत्या, मंगळसूत्रात दोन. “शहाणी आहे मुलगी. प्रवासात कधी काय तुटेल सांगता येत नाही.” केसांचा हिरवा तुरा बघून ती एवढंच म्हणाली की मेंदी बिघडली की असं होतं, तिच्या जावेचं झालं होतं.

मग रोज दुपारी जेवण झालं की आत्या ‘ती मुलं’ मागायची. आम्ही सगळे मिळून त्या पुस्तकाची जेवढी पानं पाच महिन्यांत उलटली नसतील, तेवढी तिने एका आठवड्यात उलटली. तिला एकोणिसाव्या पानावरचा मॉड जेवलेला वाटत नसे. टेडी मुलगी तिला कोण्या चुलतबहिणीसारखी दिसायची. मी रोज संध्याकाळी भिंग घेऊन पानांचे कोपरे तपासायचो आणि आत्याच्या जिभेने पडलेले ओले ठिपके मोजायचो. अकरा झाले तेव्हा मोजणं सोडलं.

एवढं ज्ञान पोटात घेऊन नुसतं बसणं शक्य नव्हतं. त्यात मला झुरिकचा कार्लहाइन्झ वाइनबर्गर सापडला आणि माझं डोकं फिरलं. हा माणूस कारखान्याच्या गोदामात नोकरीला होता आणि आईबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा. त्याच फ्लॅटमध्ये तो १९५८ पासून झुरिकच्या बंडखोर पोरांचे फोटो काढायचा. त्या पोरांना ‘हाल्बश्टार्के’ म्हणत, शब्दशः अर्धे बलवान. आपल्याकडच्या ‘अर्धवट’च्या बरेच जवळ जातं. पट्ट्याला ताटलीएवढी बकलं, बकलावर एल्विस, आणि पँटीला चेनऐवजी चक्क नट-बोल्ट. आई असलेल्या घरात असली पोरं आणून कशी उभी केली असतील? माझ्या घरी मित्र आला तर आई आधी त्याच्या वडिलांचं आडनाव विचारायची. पण हा माणूस मागे हटला नाही, आणि वयाच्या ऐंशीच्या घरात, २००० साली, त्याचे फोटो पुस्तकात आले. मी हिला म्हणालो, “गोदामातला कारकून हे करतो, मी तर बँकेतला होतो.”

“तो साठीनंतर सुरू झाला नव्हता,” ही म्हणाली. “आणि नट-बोल्टवाला कुणी घरात आणलात तर आधी चपला बाहेर.”

डोंबिवलीत राहणाऱ्याला बंडखोर तरुणाई शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीच्या पहिल्या पहाटे ती आपणहून फडके रोडवर येते. लंडनला किंग्ज रोड आहे. तिथे ४३० नंबरच्या दुकानात माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड १९७१ मध्ये टेडींचे कपडे विकत होते आणि पाच वर्षांत तिथेच पंकांचे फाटके कपडे विकू लागले. आमच्या फडके रोडवर कपडे फाटके नसतात, नवे असतात, एवढाच फरक. बाकी तेच: नटायचं, गणपतीला नमस्कार करायचा आणि मग कुठेही न जाता तासन्‌तास तिथेच उभं राहायचं. बघायचं आणि कुणी बघतंय का ते बघायचं.

अभ्यंगस्नान उरकून मी साडेसहाला कॅमेरा घेऊन पोचलो. माझ्याआधी सुमारे दोनशे कॅमेरे पोचले होते.

पहिला मुलगा मिळाला तो अगदी हवा तसा. कपाळावर चंद्रकोर, कोरलेली दाढी, काळा गॉगल, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. मी म्हणालो, “तुझा एक फोटो काढू?”

“काढा ना काका. रील आहे का?”

“नाही, पुस्तक काढतोय. हाताने शिवलेलं. पन्नासच प्रती.”

“पन्नासच व्ह्यूज?” त्याने माझ्याकडे कीव करून पाहिलं. “राहू द्या काका, होतं सुरुवातीला असं.”

नऊवारी, नथ आणि गॉगल घातलेल्या मुलींनी मला त्यांचाच मोबाइल दिला आणि त्यांचे सतरा फोटो काढून घेतले. कोन चुकला म्हणून अठरावा. एका मुलाने सध्याचा चांगला आहे, यातलाच पासपोर्ट साइज कापून द्याल का असं विचारलं. मागून ढोलवाले आले, त्या रेट्यात माझ्या लेन्सचं झाकण गेलं ते गेलंच.

घरी येऊन फोटो बघितले. बारा चांगले निघाले होते. बाराही जणांच्या कपाळावर चंद्रकोर, बाराही जणांची दाढी त्याच कोनात, बाराही जण उजवीकडे मान वळवून लांब कुठेतरी बघतायत. जणू समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांना एकच माणूस दिसला. हॉलंडमधल्या रॉटरडॅमला आरी व्हर्सलुइस आणि एली ओइटनब्रूक हे दोघे १९९४ पासून असलेच लोक हुडकून, एकसारखे उभे करून बारा-बाराच्या चौकटीत लावतात. त्यांना ते जमवायला वर्षानुवर्षं हिंडावं लागलं. मला फडके रोडवर चाळीस मिनिटं पुरली.

तेवढ्यात मेहुणा आला. हातात खाकी कागदात बांधलेलं काहीतरी, आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी ओळखतो. त्याने माझा मिक्सर दुरुस्त केला होता तेव्हाही ते असंच होतं.

“भावोजी, साठीची भेट राहिली होती माझी. आत्याबाईंनी सांगितलं, भावोजी त्या पुस्तकापायी झुरतायत, आणि बिचाऱ्याचा दोरा बाहेर आलाय, पाठ उघडी पडलीय.”

मी पुडकं सोडलं.

आत गडद मरून रेक्झिनची जाडजूड वही होती, सरकारी कचेरीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीसारखी. कोपऱ्यांना कापडी पट्ट्या. कण्यावर सोनेरी अक्षरात: ‘लंडनची मुले – खंड १’.

“खंड एक?” माझा आवाज बऱ्याच लांबून आला.

“बाइंडरने विचारलं, पुढचे खंड यायचेत का. मी म्हटलं लेक आहे तिकडे, येतीलच.”

त्या मुलीने कणा मुद्दाम उघडा ठेवला होता, लाल दोऱ्याची शिलाई दिसावी म्हणून. ती आता पुठ्ठ्याखाली गेली होती. कागदाच्या कडा तिने मुद्दाम हाताने फाडल्या होत्या, लाटेसारख्या झिरझिरीत. बाइंडरने त्या तिन्ही बाजूंनी यंत्राखाली घालून सुरीसारख्या सरळ केल्या. टेडी मुलीचा उजवा बूट त्यात गेला. “काठ उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते हो,” मेहुणा म्हणाला, “त्याने एक पैसा जास्त न घेता कटिंग मारून दिलं.” प्रत्येक प्रतीत वेगळा, हाताने डकवलेला एक मूळ फोटो होता. त्याला प्लॅस्टिक चढवलं होतं, ओल लागू नये म्हणून. आणि प्रतीचा क्रमांक असलेलं शेवटचं पान? ते जवळपास कोरंच दिसलं, म्हणून बाइंडरने तेच अस्तर म्हणून पुठ्ठ्याला चिकटवलं. त्रेसष्ट कायमचे आत.

“सगळे मिळून साडेतीनशे,” मेहुणा म्हणाला. “चारशे सांगत होता.”

काम वाईट होतं असं मला म्हणता येईना, हे खरं दुखणं. फर्मे पक्के, टाका एकही सुटलेला नाही. खळीत मोरचूद घातलेलं, कसर लागणार नाही. पन्नास वर्षं काही होणार नाही त्याला. आत्याने उघडून पाहिलं, सगळी मुलं जागच्या जागी आहेत याची खात्री केली आणि म्हणाली, “आता कशी चांगल्या घरची वाटतात.”

लेकीला सांगायला मला तीन दिवस लागले. शेवटी व्हिडिओ कॉलवर पुस्तक नुसतं समोर धरलं. बराच वेळ शांतता. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तिने मान वळवून कुणाला तरी हाक मारली आणि पडद्यावर ती पुस्तकवाली मुलगी आली. मी तोंडपाठ केलेली इंग्रजी माफी ऐनवेळी विसरलो आणि दोन्ही हात जोडले. ती रेक्झिनकडे पाहत राहिली. कडा पाहिल्या. मग कणा जवळ धरायला सांगितला. मग लेकीच्या कानात काहीतरी बोलली.

“बाबा, ती विचारतेय, आत गोंद कुठला लावलाय?”

“खळ. मैद्याची. मोरचूद घातलेली.”

लेकीने ‘मोरचूद’चं इंग्रजी करायला अर्धं मिनिट घेतलं. मुलीने ते वहीत लिहून घेतलं. ‘खंड १’ म्हणजे काय तेही विचारलं. सांगितलं तेव्हा ती हसली की नाही ते कळलं नाही, कारण तेवढ्यात आत्या मध्ये घुसली आणि तिने थेट पडद्याला बोट लावून विचारलं, “तो एकोणिसाव्या पानावरचा मुलगा जेवतो ना गं वेळेवर?”

त्या मुलाची प्रकृती उत्तम असून तो एका बेकरीत कामाला आहे, असं कळलं.

पुस्तक आता खणात नसतं. टीव्हीखाली, रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी असतं. कुणीही यावं, बघावं. काका दोनदा येऊन गेले. बाइंडरचं नाव घेऊन गेले. खोका पापडांना झाला. आणि ते पांढरे हातमोजे हिने दिवाळीच्या साफसफाईत वापरून पाहिले. पंख्याची पाती पुसायला त्यांच्यासारखी दुसरी वस्तू नाही.